अकरा बेचाळीसचा कागद

१

घोटीहून निघालेला एक पानाचा फॅक्स दसऱ्याच्या दिवशी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये हरवला, आणि तो हरवला हे कळायला बारा दिवस लागले.

वर्कशॉप गोरक्षशेठचं. भातगिरण्यांना लागणाऱ्या लोखंडी चाळण्या ते बनवतात. सन दोन हजारचा ऑक्टोबर होता, दिवाळी आठवड्यावर आली होती. बुधवारी शेठ घोटीला गेले आणि यादवरावांच्या गिरणीत सहज डोकावले, तर तिथे नव्या चाळण्या बसवायचं काम चाललेलं. चाळण्या अंबडच्या दुसऱ्या वर्कशॉपच्या.

"तुम्हालाच आधी धाडलं होतं," यादवराव म्हणाले. "नकाशा काढून, मापं टाकून. दसऱ्याला. तुमच्याकडनं ना हो, ना नाय." आणि त्यांनी आपल्या फॅक्स मशीनमधून निघालेली पोचपावतीची चिठ्ठी पुढे केली. नंबर शेठचाच होता. पान एक, आणि पुढे ‘ओके’.

गुरुवारी सकाळी शेठने मला बोलावून घेतलं. मी बुधा. टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. रिटायर झाल्यापासून छोट्या ऑफिसांचे फोन, इंटरकॉम, वायरी बघतो. शेठच्या ऑफिसातली लाइन माझ्याच हातची.

"बुधाकाका, लाइन तपासा," शेठ म्हणाले. "हल्ली फोन उचलला की करकर येते. कोणी मधेच वायर मारून आपले फॅक्स पळवतंय का बघा. तसं नसेल तर चोर घरातलाच आहे, आणि तो कोण हे मला ठाऊक आहे."

त्यांनी ड्रॉवर उघडून एक पत्र दाखवलं. कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, खाली शेठची जाड, झोकदार सही. पत्र तृप्तीच्या नावाचं. विश्वासघात, कागदाची चोरी, आजपासून कामावरून कमी.

"तिचा चुलतभाऊ काळू कुठे कामाला आहे? अंबडला. त्याच वर्कशॉपात! अजून काय पुरावा पाहिजे?"

मी खाली बसलो. तृप्ती आमच्या पेठच्या बाजूची, माझ्या गावापासून दोन डोंगर पलीकडची पोर. बारावी झाली, टायपिंग शिकली, तेव्हा मीच तिला शेठकडे आणून उभी केली होती. फोन, फॅक्स, टपाल सगळं तीच बघायची. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण चोरीचं पत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला सातपूरमध्ये कोण टेबलाशी बसवून घेणार?

"हे तिला कधी देणार?"

"पाच वाजता. तोवर तुमची लाइन बघून घ्या."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

२

वायरीचं एक बरं असतं. ती कोणाची बाजू घेत नाही.

मी बाहेरच्या डब्यापासून सुरुवात केली. खांबावरून उतरलेली तारांची जोडी, डब्यातले स्क्रू, भिंतीच्या कडेने आत आलेली वायर, सगळं जसं मी ठेवलं होतं तसंच होतं. कोणी सोललेलं नाही, कुठे चिमटा लावल्याची खूण नाही. शेठकडे लाइन एकच. तिच्यावरच फोन, तिच्यावरच फॅक्स. वायर पुढच्या खोलीत तृप्तीच्या टेबलाजवळच्या डबीत येते आणि तिथून फॅक्स मशीनमध्ये जाते.

पण डबीतून आता दोन वायरी निघत होत्या.

दुसरी माझी नव्हती. स्वस्तातली, चपटी, पांढरी वायर. लोखंडी कपाटाच्या मागून, दाराच्या चौकटीवरून, खिळ्यांऐवजी चिकटपट्टीने बसवलेली. मी तिच्यामागे गेलो. ती आतल्या खोलीत मनोजच्या कॉम्प्युटरमागे जाऊन संपली. मनोज चाळण्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतो. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कळवणचा मुलगा.

"सापडली का वायर?" शेठ मागून आले. "म्हणजे मनोज?"

आता हे सांगायला हवं. एका लाइनवर दोन यंत्रं असली की घंटी दोघांकडे वाजते. जो आधी उचलेल, फॅक्स त्याचा. कॉम्प्युटरला तशी सोय असेल तर तो फॅक्स कागदावर न येता कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसतो, आणि घोटीच्या मशीनला वाटतं पोचला. चिठ्ठीवर ‘ओके’च येणार.

शेठचा चेहरा बदलला. "म्हणजे तो फॅक्स याच्याकडे असेल?"

"थांबा. आधी मशीनलाच विचारू."

मी फॅक्स मशीनचं बटण दाबलं. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण गेल्या तीस फॅक्सची नोंद मशीन स्वतः ठेवतं आणि मागितली की छापून देतं. यादी सरसर बाहेर आली. मी चष्मा लावला. मला वाचायला वेळ लागतो. अक्षर मी चाळिशीनंतर शिकलो. पण आकड्यांशी जुनी ओळख आहे.

सगळ्यात जुनी नोंद वर असते. वरून दुसरी ओळ. दसऱ्याची तारीख. घोटीचा नंबर. वेळ अकरा बेचाळीस. आला. पान एक. ओके. अजून दोन फॅक्स आले असते तर ती ओळ यादीतून कायमची गळून गेली असती.

"कॉम्प्युटरने घेतला असता तर मशीनच्या यादीत आलाच नसता," मी म्हणालो. "कागद इथे, या फटीतून बाहेर आलाय शेठ. अकरा बेचाळीसला. कोणाच्या तरी हातात."

शेठ तृप्तीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

३

मनोजला मी पाठीमागे भंगाराच्या ढिगाजवळ गाठलं.

"काका, शेठना नका सांगू," तो वायरीचं नाव काढण्याआधीच म्हणाला. "इंटरनेटसाठी लावलीय. दुबईला कंपन्या आहेत, त्यांचे अर्ज तिथूनच भरावे लागतात."

"इथे काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण जन्मभर चाळणीचीच भोकं मोजू का?"

मला हसू आलं. "आणि ती करकर? इंटरनेट चालू असताना कोणी फोन उचलला की होणारच. शेठना वाटतंय त्यांच्यावर पाळत आहे."

मनोजने कान पकडले.

"कधी बसतोस त्यावर?"

"जेवणाच्या सुट्टीत. दसऱ्यानंतर मात्र सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस सकाळभर होतो. शेठ बाहेरगावी होते. अर्जाची शेवटची तारीख होती ना."

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याला कसा बसणार? कॉम्प्युटर बंदच होता. पूजेला मांडला होता. बघा की, अजून हळद-कुंकू आहे." तो थांबला. "मी नारळ फोडायला शेडमध्ये होतो, मोठ्या प्रेसपाशी. आरतीला सगळे तिथेच होते. शेठ, कामगार, सगळे."

"तृप्ती?"

तो डोकं खाजवू लागला. "नव्हती वाटतं. खरंच की, नव्हती. आरतीला नव्हती, प्रसादालाही नव्हती."

त्याला वाटलं त्याने सहज सांगितलं. मी मात्र मनात हिशोब मांडला. बाकी सगळे शेडमध्ये होते, कागद पुढच्या खोलीत आला, आणि शेडमध्ये नव्हती ती फक्त तृप्ती.

४

तृप्ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फाइली नीट लावत होती, पुढच्या माणसाला सापडाव्यात म्हणून.

"पत्र मनोजनेच टाइप केलंय ना?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघत नाहीये सकाळपासून."

"तुझी फॅक्सची फाइल दाखव."

तिने काढून दिली. एकेका फॅक्सला मागे त्याचीच झेरॉक्स टाचलेली.

"हे दोन-दोन कशाला?"

"फॅक्सचा कागद टिकत नाही मामा. चार-सहा महिन्यांत अक्षर पिवळं पडतं, मग जातं. म्हणून आला की लगेच समोरच्या दुकानातून झेरॉक्स आणायची. शेठचाच नियम आहे. तीन वर्षांत एकदाही चुकले नाही."

दसऱ्याच्या तारखेचं मात्र काहीच नव्हतं. ना फॅक्स, ना झेरॉक्स.

मी मशीनकडे वळलो. झाकणावर शेठने बोटाने काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं, शेजारी झेंडूची वाळलेली पाकळी. दसऱ्याचं हळद-कुंकू आमच्याकडे यंत्रावरून पुसत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईलाच काय ते निघतं. म्हणून तृप्ती रोज मशीन पुसायची, पण खुणा सोडून.

त्यामुळेच मला ती आणखी एक खूण दिसली. झाकणावर नव्हे. कागद बाहेर येतो त्या फटीच्या कडेला, खालच्या अंगाला. अंगठ्याचा लाल ठसा, आणि वर दोन बोटांची पिवळी पुसट ओळ.

तिथे कोणी पूजा करत नाही. तिथे अंगठा फक्त कागद ओढताना लागतो.

"शेठ," मी हाक मारली. "हे बघा. कागद ज्याने काढला त्याच्या हाताला त्या वेळी ओलं कुंकू होतं. म्हणजे पूजा चालू असतानाच काढलाय."

हाक ऐकून मनोज आणि एक कामगारही आत आले. शेठ वाकून बघत होते. मग ताठ झाले. "मग उलट बरंच झालं. शेडमध्ये आम्ही सगळे एकमेकांच्या डोळ्यासमोर होतो. तृप्ती, तू कुठे होतीस?"

"इथे नव्हते."

"मग कुठे होतीस?"

तिने टेबलावरची फाइल उगाच सरळ केली.

"अगं, सांग ना. गोडाऊनला होतीस, घरी होतीस, बाहेर फोन करायला गेली होतीस? कोणी बघितलं तुला?"

तिचे कान लाल झाले. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे, मग परत खाली. "मशीनला मी हात लावला नाही. त्या दिवशी या खोलीतच आले नाही. एवढंच सांगते."

"बघितलंत ना काका?" शेठ म्हणाले. "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं."

दुपारचे दोन वाजले होते.

५

लंकाबाई पन्नाशीच्या, दिंडोरीकडच्या. ऑफिस झाडतात, चहा करतात, आणि पुढच्या खोलीतल्या फळीवर देवीची तसबीर आहे तिची रोजची दिवाबत्ती करतात. मी चहाच्या निमित्ताने मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. स्टोव्हवर आधण होतं.

"बाई, एक विचारू? दसऱ्याला तृप्ती कुठं होती?"

"गोडाऊनात बसून हुती."

"एकटी? दिवसभर?"

लंकाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच शरम वाटावी. "दादा, तुमच्या घरात बाया न्हाईत का? चार दिसांची बसली हुती ती. पूजेचा दिस, यंत्राला, देवीला हात कसा लावंल? मला सकाळीच कानात सांगितलं, ‘मावशी, आज पुढचं तुम्हीच बघा.’ मी गोडाऊनात डबा नेऊन दिला. तिथंच जेवली बिचारी, रिकाम्या खोक्यावर बसून."

म्हणजे हे होतं. चार पुरुषांसमोर पोर हे कसं बोलणार होती? तिच्या गप्प राहण्याचाच शेठने पुरावा केला होता. आणि जी मुलगी त्या दिवशी पूजेच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिच्या अंगठ्याला ओलं कुंकू असण्याचं कारणच नाही.

मी चहाचा घोट घेतला. मग त्याच वाक्याचं दुसरं टोक माझ्या हाताला लागलं. ‘आज पुढचं तुम्हीच बघा.’

"मग ताट कोणी केलं, बाई? पुढच्या टेबलांना, मशीनला हळद-कुंकू कोणी वाहिलं?"

"शेठनं साथिया काढला न् गेले शेडमधी. ऱ्हायलेलं मीच केलं."

मी लाइनमन झालो तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. साहेबाचा कागद हरवला की चौकशी व्हायची, आणि माझ्या शेजारच्या दोघांना विचारून साहेब पुढे जायचा. ज्याला वाचता येत नाही त्याने कागद घेऊन काय करायचं, असं सगळे धरून चालतात. कालपासून या ऑफिसात मनोजला विचारलं होतं, तृप्तीला विचारलं होतं, कामगारांना विचारलं होतं, अगदी वायरीलाही विचारलं होतं. चहाचे कप घेऊन त्या सगळ्यांमधून चार वेळा गेलेल्या बाईला कोणी विचारलं नव्हतं.

"लंकाबाई," मी म्हणालो, "तुम्ही हळद-कुंकू वाहत होता, तेव्हा मशीनमधून कागद आला का हो?"

त्यांनी स्टोव्ह बंद केला. पदराने हात पुसले.

"आला हुता," त्या म्हणाल्या. "पन दादा, त्याच्यावर आता काय बी न्हाई. देवीनं समदं नेलं."

६

देवीच्या तसबिरीखाली लाल कापड अंथरलेलं होतं. त्याखालून लंकाबाईंनी एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत गुळगुळीत, कडेला गुंडाळी धरणारा कागद. दिव्याकडचा एक कोपरा राखाडी झालेला, वरच्या कडेला हळद आणि कुंकू. बाकी सगळा कोरा. मी उजेडाला धरला, उलटा केला. रेघ नाही, अक्षर नाही.

"रेघोट्या हुत्या, गोल गोल हुतं, खाली लिवलेलं बी हुतं. माज्या डोळ्यांनी बघितलंय," लंकाबाई सांगू लागल्या. शेठ, तृप्ती, मनोज सगळे भोवती उभे होते. "मी मशीनला कुंकू लावलं, न् ते आपोआप बोलाय लागलं. त्यातनं कागद आला. मला वाटलं, पूजा पावली! शेठ दर साली नव्या गिऱ्हाइकाचा पयला कागद देवीपुढं ठेवत्यात, म्हणून मीबी ठेवला. तेल लागू नये म्हणून पिशवीत घातला. शेठ आरतीहून आले तवा सांगितलं बी, ‘शेठ, कागद ठेवलाय देवीपुढं.’ तुम्ही ‘बरं बरं’ म्हणाला न् पेढे वाटाय गेला."

शेठने तसबिरीकडे बघितलं.

"काल तुम्ही वरडला, तवा मी हळूच काढून बघितला. तर हा असा! आता म्या कोरा कागद दावून काय सांगू? कोणाला खरं वाटंल?" त्यांना हुंदका आला. "पोरीचं नाव निघालं तवा जीभच उचलंना."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "काका, बाई खोटं बोलत नसेल. पण हा तोच कागद कशावरून? कोरा कागद तो कोरा कागद."

"शेठ, कोऱ्या कागदाला हळद-कुंकू कोण वाहतं?" मी म्हणालो. "ठेवला तेव्हा यावर काहीतरी होतं. आणि ते वाचता येतं का बघू. चला माझ्याबरोबर."

रस्त्याच्या कोपऱ्यावर चिमणाबाईंची इस्त्रीची गाडी आहे. कोळशाची जड इस्त्री, मांडीवर सुती कापड. मी कागद पालथा करून कापडात ठेवला.

"हे काय आणलंय? कागदाला इस्त्री?" चिमणाबाई म्हणाल्या. "पत्रिका हाय का कोणाची?"

"तसंच समजा. जाळू नका. हलक्या हाताने, लांबून."

या कागदाची गंमत अशी की मशीन त्यावर शाईने छापत नाही. कागदाच्या अंगालाच एक लेप असतो. मशीन जिथे चटका देतं तिथे तो काळा होतो, तेच अक्षर. प्लॅस्टिक आणि तेल लागलं की ते काळेपण उडून जातं. तृप्तीच्या फाइलीत जे सहा महिन्यांत होतं, ते तेलकट पिशवीत दिव्याशेजारी बारा दिवसांत झालं होतं. पण जिथे चटका कधी बसलाच नव्हता, तिथला लेप अजून ताजा होता.

इस्त्री एकदा फिरली. काही नाही. दुसऱ्यांदा फिरली. कागद करडा होऊ लागला. तिसऱ्यांदा चिमणाबाई स्वतःच थबकल्या. "अगं बया!"

कागद काळा पडत होता, आणि त्या काळ्यात उडून गेलेली अक्षरं पांढरी उमटत होती. पाटीवर खडूने लिहावं तशी. आधी चाळणीचा गोल दिसला, मग मापांचे बाण, मग खाली हाताने लिहिलेल्या ओळी.

"वाचा काका," शेठ म्हणाले.

मनोज पुढे झाला होता, तृप्तीही. पण कागद माझ्या हातात होता आणि पाटीवरची अक्षरं मला बरी लागतात. मी बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत वाचलं:

"गोरक्षशेठ यांस. दसऱ्याच्या शुभेच्छा. भात कापणीला आलंय. वरील मापाच्या चाळण्या लवकर हव्यात. जमत असल्यास फोन करणे. यादव, घोटी."

७

ऑफिसात आलो तेव्हा चार वाजून गेले होते.

"म्हणजे कागद बाहेर गेलाच नाही," शेठ खुर्चीत बसत म्हणाले. "पण मग अंबडवाल्यांना मापं कशी कळली?"

"तेही विचारून टाका. फोन समोर आहे." मी मनोजकडे बघितलं. तो आत गेला आणि ती पांढरी वायर स्वतःच्या हाताने उपटून घेऊन आला. त्यानंतर शेठना करकर कशाची होती ते सांगितलं. दुबईचंही सांगितलं. शेठ त्याला काही बोलणार होते, पण घोटीचा फोन लागला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"यादवराव, एक सांगा. तुम्ही अंबडला कसे गेलात?"

"कसा म्हंजे? इष्टीनं!" पलीकडून आवाज आला. "अवो शेठ, तुम्ही कागदाला जबाब देईना. म्हणून म्या सोमवारी फोन केला, मंगळवारी केला. सकाळभर तुमचा फोन गुंतलेला. बोटाला घट्टे पडले. चाळण्या करणारे तुम्ही दोघंच. तुम्ही लागंना, मग दुसऱ्याकडं गेलो. त्याला माझ्या हातानं मापं दिली."

"तिथे काळू म्हणून कोणी भेटला?"

"काळू न् गोरा, मला काय ठावं? काय झालंय शेठ?"

"काही नाही. चूक आमची आहे." शेठने फोन ठेवला.

शेठने ड्रॉवर उघडला, पत्र काढलं आणि दोन्ही हातांत धरलं, फाडायला.

"फाडू नका," तृप्ती म्हणाली.

दिवसभरात तिचा तेवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिने हात पुढे केला. शेठने पत्र दिलं. ती आपल्या टेबलाशी गेली, पत्र फॅक्स मशीनमध्ये घातलं आणि कॉपीचं बटण दाबलं. मशीन कुरकुरलं. गुळगुळीत कागदावर पत्राची नक्कल बाहेर आली. विश्वासघात, चोरी, खाली शेठची सही, सगळं स्वच्छ. मूळ पत्राचे तिने चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

मग लंकाबाईंची ती तेलकट प्लॅस्टिकची पिशवी तिने उचलली, नक्कल आत सरकवली आणि देवीच्या तसबिरीला टेकवून ठेवली. कापडाखाली नाही. समोर, दिव्याशेजारी, रोज सकाळी शेठ उदबत्ती लावायला उभे राहतात तिथे.

"हे इथून कोणी काढायचं नाही," ती म्हणाली. "आपोआप जाईल तेव्हा जाईल. आणि शेठ, यापुढे कागद हरवला तर पहिल्यांदा मावशींना विचारायचं."

शेठने मान हलवली. मग म्हणाले, "तृप्ती, मी तुला असं विचारायला नको होतं. सगळ्यांसमोर."

"नव्हतंच विचारायला पाहिजे," ती म्हणाली, आणि यादवरावांच्या काळ्या कागदाची झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात निघून गेली.

"आता दसऱ्याचा कागद देवीपुढं ठेवायचा का न्हाई?" लंकाबाईंनी मला हळूच विचारलं.

"ठेवा की. झेरॉक्स ठेवा."

"चालंल देवीला?"

"अक्षर तेच असतं ना, बाई."

त्या महिन्यात माझी सातपूरला तीन-चार वेळा फेरी झाली. मनोजसाठी शेठने वेगळी लाइन मागितली होती, तिची वायर ओढायची होती. प्रत्येक वेळी मी फळीकडे बघत असे. दिवाळीच्या पाडव्याला तारीख गेली होती. भाऊबीजेनंतर ‘चोरी’ हा शब्द पुसट झाला, आणि एका सकाळी शेठ उदबत्ती हातात धरून तो अजून दिसतो का हे वाकून बघताना मला दिसले. तुळशीच्या लग्नापर्यंत ओळीच्या ओळी गेल्या.

सही जाड होती. ती सगळ्यात शेवटी गेली.